सहा बाटल्या आणि माझी जीभ

१६ नोव्हेंबर २००३, रविवार
वाईन कंपनीचं खोकं आलं. सहा बाटल्या, तीन पांढऱ्या, तीन लाल. सोबत फॉर्म: रंग, वास, चव, अभिप्राय. कंपनीत वाईन बनवणाऱ्या सरोजिनी मॅडमचं म्हणणं असं की, ज्यांनी आमच्यासाठी द्राक्षं लावली त्यांनी आमचा माल चाखून पाहावा. वाटूर भागात असं खोकं फक्त मला आन् शेजारच्या अप्पारावला. अप्पाराव काय चाखणार? त्याच्या चहात साखर पडली का न्हाई, हे त्याला बायको सांगते.

द्वारकेला सांगितलं, ही दारू न्हाई, शेतीमाल हाये. ती म्हणाली, मंग शेतातच ठेवा. खोकं शेतातल्या आखाड्यावर, पत्र्याच्या खोलीत नेलं.

ठराव: रोज एक बाटली. फक्त दोन घोट.

१७ नोव्हेंबर, दुपारी २
पांढरी नंबर एक. थंड करून घ्या, पेरूचा वास येईल, असं छापलंय. पत्र्याखाली बाटली चहासारखी तापली होती. पेरू आला न्हाई. ग्लास काचेचा पाहिजे म्हणे. आपल्याकडं स्टीलचा. रंग: स्टीलसारखा.

दोन घोटांत काहीच कळत न्हाई. अर्धी बाटली घेतल्यावर अंदाज येऊन राह्यला.

१८ नोव्हेंबर
पांढरी नंबर दोन. थंड व्हावी म्हणून दोरी बांधून विहिरीत सोडली. दोरी सुटली. फॉर्म कोरा ठेवणं आपल्याला जमत न्हाई. अभिप्राय लिहिला: चव खोल हाये.

२० नोव्हेंबर
एकादशी. विचार केला. वाईन द्राक्षाची. द्राक्ष फळ. फळ उपवासाला चालतं. पांढरी नंबर तीन, शेंगदाण्याच्या लाडूसंगं. आंबट.

२१ नोव्हेंबर
लाल नंबर एक, शिराज. माझ्या दोन एकरात हीच द्राक्षाची जात लावलीय, मोसंबी उपटून. ती मोसंबी द्वारकेनं दुष्काळात डोक्यावर हंडे वाहून जगवली होती. झाडं उपटली त्या दिवशी ती जेवली न्हाई, आन् नंतर दोन महिने माझ्याशी कामापुरतंच बोलली. मला बाकी कुणाचं काही न्हाई. तिला एकदा दाखवून द्यायचंय.

ठेचा-भाकरीसंगं घेतली. फॉर्म म्हणतो मिऱ्याचा वास येईल. मला मिरचीचा आला. जवळजवळ बराबर.

२२ नोव्हेंबर
उरलेल्या दोन्ही लाल एकाच दुपारी उरकल्या. याला तुलनात्मक अभ्यास म्हणतात. द्वारका भाकरी घेऊन आली तेव्हा मी बैलाला काहीतरी समजावून सांगत होतो म्हणे. बैल नीट ऐकत होता, हे तिनंही कबूल केलं.

२३ नोव्हेंबर. डोकं दुखतंय, पण विचार साफ.
निष्कर्ष. सहाही वाइनींत एकच खोट: पातळ, आंबट, जिभेला ओढून धरणारी. कारण मणी बारीक! वाटाण्याएवढ्या मण्यात काय असणार? मी पंधरा वर्षं खायची द्राक्षं पिकवलीत. घड जीएच्या औषधात बुचकळला की मणी बोराएवढा फुगतो, हे मला कुणी शिकवायचं?

कंपनीच्या कागदावर लिहिलंय: मणी फुगवू नका, पाणी कमी द्या. कंजूष लोक. द्वारकेनं विचारलं, मॅडमला फोन करून पाहिला का. बिलकुल न्हाई. जीभ माझी, बाग माझी.

५ डिसेंबर
पहिला डिप दिला. सहा बायका लावून एकेक घड बुचकळला. पाणी दुप्पट. अप्पाराव बांधावरून म्हणाला, तातेराव, कागदात तर नको म्हणलंय. मी म्हणालो, तू कागद पिकव, मी द्राक्षं पिकवतो. तो बांधावरून उतरला.

१८ जानेवारी २००४
काय मणी धरलेत! टपोरे, नुसतं बघत राहावं. अप्पारावचे अजून बारकेच. कीव आली त्याची. मॅडम बाग बघतील आन् चारचौघांत माझं नाव घेतील. द्वारकेनं तेव्हा नवं लुगडं नेसावं, असं सुचवलं. ती म्हणाली, बघू.

२६ फेब्रुवारी
मॅडम आल्या. एक मणी चिरडून साखर मोजायच्या नळीत पाहिलं. एक तोंडात टाकला. सावकाश चावला. मंग विचारलं, डिप दिला का. मी छाती काढून म्हणालो, दोनदा.

त्या म्हणाल्या, काका, रंग आन् चव सालीत असते. मणी फुगवला की आत पाणीच वाढतं. हा माल आम्हाला घेता येणार न्हाई. आवाज चढवला न्हाई त्यांनी. चढवला असता तर भांडता आलं असतं. अप्पारावची तोडणी येत्या सोमवारी.

द्वारका तिथंच उभी होती. मला वाटलं, आता मोसंबीचं काढणार. उत्तरं तयार होती माझी: हवामान, रोपं, कंपनीचं राजकारण. तिनं मॅडमला चहा दिला. मलाही दिला.

वाईट वाटलं. इथं लिहितो, कारण ही वही कुणी वाचत न्हाई.

चूक माझी न्हाई. या लोकांची जीभच बारीक मण्याची.

१ मार्च, वाटूर फाटा
द्वारकेनं सकाळीच द्राक्षांचे क्रेट भरून फाट्यावर विकायला टेम्पोत टाकले आन् विचारलं, येता का. आलो. फक्त देखरेखीला.

ती गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते: बी हाये, थोडी आंबट हायेत, घ्यायची तर घ्या. असा कुठं धंदा असतो? पण लोक बसमधून उतरून घेऊन राह्यले. एकाला मी शिराज म्हणजे काय ते सांगायला लागलो, तर तो निघून गेला. मंग द्वारकेनं माझ्या हातात कॅरीबॅगा दिल्या.

अप्पारावचा ट्रक समोरून गेला. त्यानं हात केला. मी कॅरीबॅग झटकत होतो, दिसलं न्हाई.

दुपारी परतूरची एक बाई आली. घड उचलून म्हणाली, अगं बाई, केवढाले मणी! कुणी पिकवली ही?

मी खाली बघितलं. द्वारकेनं तागडी खाली ठेवली, माझ्याकडं हात केला आन् म्हणाली, यांनी. लई जीव लावला यांनी.

मी कॅरीबॅग उघडून धरली.