भुरी म्हशीची थरथर

ता. शहादा, ८ जुलै २०२४

चि. हेमांगीस अनेक आशीर्वाद.

फोन सोडून पत्र का, म्हणशील. आपल्या घरात रेंज येते ती फक्त ओट्यावर, आणि ओट्याला लागून पितांबरदादाची भिंत. तिकडून काय काय ऐकलं जातं, ते मला माहीत आहे.

आपली भुरी गेली. गुरुवारी सकाळी छान रवंथ करत होती. दुपारी अंगाला कापरं भरलं, तोंडातून लाळेच्या धारा, डोळ्यांतून पाणी. शहाद्याहून डॉक्टर येईपर्यंत श्वास थांबला. फवारणीच्या औषधाची बाधा, असं ते म्हणाले.

कुणी घातलं, ते मला विचारू नकोस. मी केळीतून आलो तेव्हा पितांबरदादा आपल्या गोठ्यातून घाईने बाहेर पडत होता. बाह्या ओल्या, हातात बाटली. मला पाहताच ती पाठीमागे धरली. पाटाच्या पाण्यावरून उन्हाळ्यात आमची बोलाचाली झाली, ती त्याने मनात ठेवली. सख्ख्या काकाचा मुलगा, लहानपणी एका ताटात जेवलो! शनिवारी मारुतीच्या पारावर चार लोकांत मी त्याला तोंडावर खुनी म्हटलं. तो खाली मान घालून उभा राहिला. खरा असता तर बोलला नसता का?

२२ तारखेला, सोमवारी, पोलिसांत लेखी तक्रार देणार आहे. तू नसांचा अभ्यास करतेस, तर विष अंगात कसं काम करतं ते लिहून पाठव, तक्रारीला जोडतो. आई धड जेवत नाही. भुरी तिचीच, दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू देत नसे. आणि ती प्रयोगाची अंडी फोडणं कमी कर, आईला ते खपत नाही.

बहिणीने भावाची बाजू सोडू नये, एवढंच मागणं.
तुझा भाऊ, हेमकांत


पुणे, १२ जुलै २०२४

ती. भाऊस सा. न. वि. वि.

भुरीचं वाचून रडू आलं. आईला जप.

अंडी मी हौसेने फोडत नाही रे. तीन-चार दिवसांच्या अंड्यात पिल्लाच्या कण्यातून नसेचे धागे निघतात आणि चाचपडत स्नायू शोधत जातात. स्नायूकडून दाद मिळाली तर धागा जगतो, नाही तर मरतो. निम्मे मरतात. ते का, एवढंच मी बघत असते.

आता विषाचं. नस स्नायूला चिकटलेली नसते, मध्ये बारीक फट असते. नस त्या फटीत एक रस सोडते आणि स्नायू आखडतो. लगेच दुसरा एक पदार्थ तो रस पुसून टाकतो, म्हणून स्नायू पुन्हा सैल होतो. फवारणीचं औषध या पुसणाऱ्यालाच निकामी करतं. दिलेला निरोप पुसलाच जात नाही. मग स्नायू थरथरत राहतो, लाळ गळत राहते, शेवटी छातीचे स्नायू थकतात. कीड अशीच मरते, म्हैस अशीच आणि माणूसही.

पण हे तक्रारीला जोडू नकोस. बैलही त्याच गव्हाणीत खातात ना? मग त्यांना काहीच कसं झालं नाही? थरथर आधी कुठे दिसली, तेही विचार. औषध कातडीतूनही आत जातं, आणि मग जिथे लागलं तिथलं मांस आधी थरथरतं. तुला राग येईल, पण मला भिंतीपलीकडचा नाही, आपल्याच गोठ्याचा संशय येतो.

रागावलास तरी उत्तर दे.
तुझी, हेमांगी


ता. शहादा, १५ जुलै २०२४

चि. हेमांगीस आशीर्वाद.

तू बहीण माझी की पितांबरची? बैल ठणठणीत आहेत. आईला विचारलं, तर थरथर कासेजवळ आणि कानामागे सुरू झाली म्हणाली, आणि एकदम गप्प बसली. म्हणजे त्याने अंगावर ओतलं असेल. विष ते विषच.

आणखी ऐक. त्याचे हात त्या दिवसापासून थरथरतात. काल उदेसिंगच्या हॉटेलात त्याला चहाचा कप धरता येईना, सारखं तोंड पुसत होता. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! सोमवार पक्का.

शिकलीस म्हणून घरच्यांना शिकवू नकोस. बाकी माया आहेच.
हेमकांत


पुणे, १८ जुलै २०२४

ती. आईस सा. न. वि. वि.

भाऊचं पत्र वाचलं आणि आधी पितांबरदादाच्या घरी फोन केला. थरथर भीतीची नाही, औषध त्याच्याही अंगात गेलंय, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या, असं वहिनीला सांगितलं. नेलं त्यांनी. औषध कुठून लागलं, ते तो डॉक्टरांनाही सांगत नाही म्हणे.

पुढचं फोनवर विचारवत नाही, भाऊ तुझ्या शेजारीच उभा असतो. आई, भुरीला गोचीड झाली की तू तंबाखूचं पाणी लावायचीस. यंदा काय लावलंस?

तुझ्यावर माझा राग नाही. सोमवारच्या आत बोल.
तुझी, हेमांगी


ता. शहादा, २६ जुलै २०२४

चि. हेमांगीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू ओळखलंस. गोचिडीने भुरी हैराण झाली होती, तंबाखूने जाईना. कापसावर मारायचं औषध घरात होतं. किडीला मारतं ते गोचिडीलाही मारेल, असं मला वाटलं. हाताला पिशवी बांधून कासेला, कानामागे चोळलं. ती थरथरायला लागली तशी मी ओरडले, आणि पितांबर भिंतीवरून उडी मारून आला. बादल्यांवर बादल्या ओतल्या, उघड्या हातांनी तिला घासलं. बाटली लपव, हेमकांतला सांगू नकोस, असं मीच त्याच्यापुढे हात जोडून म्हटलं. काकूचा शब्द त्याने पाळला. पारावर हेमकांत त्याला खुनी म्हणाला तेव्हा मी समोरच आपल्या ओट्यावर गहू निवडत होते. सगळं ऐकलं, उठले नाही.

सोमवारी हेमकांत कागद घेऊन निघाला. तेव्हा मी पारावर गेले आणि त्याच चार लोकांत सगळं सांगितलं.

पितांबरला आता बरं आहे. दवाखान्यातून त्याला हेमकांतनेच आणलं, रोज संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन बसतो. दोघं हसतात, ते भिंतीतून मला ऐकू येतं. माझ्याशी हेमकांत बोलत नाही. ताट वाढते, तो जेवतो आणि उठतो. त्याचं काही चुकलेलं नाही.

तूही रागावलीस तर राग. पण पत्र टाकत जा.
तुझी आई, मीनाबाई