तेरावी चिठ्ठी

३ मार्च
नोकरी लागली एकदाची! वृद्धांच्या या शुश्रूषागृहात बारा खोल्या, बारा माणसं आणि माझ्याहून वयाने मोठा वाटणारा एक संगणक. पॅसेजच्या टोकाची बारावी खोली आईला सवलतीत मिळाली, म्हणूनच कमी पगारावर हो म्हटलं. काम सोपं आहे. नावांची यादी संगणकातल्या क्रमवार कप्प्यांच्या अ‍ॅरेत असते. रोज सकाळी आठला लूप, म्हणजे तीच आज्ञा पुन्हापुन्हा चालवणारा प्रोग्रामचा तुकडा, एकेका नावावरून फिरतो आणि प्रत्येकाच्या ताटाची चिठ्ठी छापतो. आईला खिडकी आवडली. जीव भांड्यात पडला.

४ मार्च
नावं बारा, चिठ्ठ्या तेरा! शेवटची कोरी. लूप यादी संपल्यावरही एक पाऊल पुढे जातो. नवशिक्यांची नेहमीची चूक. गंमत म्हणजे सिस्टर त्या कोऱ्या चिठ्ठीचंही ताट वाढतात आणि बाराव्या खोलीच्या पलीकडे, पॅसेज संपतो त्या भिंतीशी ठेवतात. म्हणाल्या, चिठ्ठी आली की ताट जायलाच हवं, वीस वर्षं असंच चाललंय आणि ताट रिकामं परत येतं. उंदीर, दुसरं काय!

६ मार्च
लूपने कुठे थांबायचं ते सांगणाऱ्या ओळीतलं बरोबरीचं एक जादा चिन्ह खोडलं. आता चिठ्ठ्या बाराच. आई म्हणाली, दुसऱ्याच्या चुका काढायची तुझी खोड काही जायची नाही.

८ मार्च
आईचं ताट चाटूनपुसून रिकामं, आणि आई उपाशी. शेजारच्याने खाल्लं म्हणते. त्या बाजूला खोलीच नाही, नुसती भिंत आहे. मला भीती वाटली.

१० मार्च
आईच्या चिठ्ठीवरचं नाव पुसट आलं. बाकी अकरा ठळक. आई पांढरीफटक, तिला उठवत नाही. घरी नेते म्हटलं, तर भिंतीवरची नजर हलवेना. विचारत होती, त्याचं ताट का बंद केलंस?

११ मार्च
चूक माझीच. चिन्ह परत घातलं. उद्या त्याचं त्याला मिळेल, आई सुटेल. देवा, एवढं होऊ दे —

१२ मार्च, सकाळी आठ
तेरा आल्या. बारावी कोरी.
तेरावीवर आईचं नाव —

सव्वाआठ
सिस्टरनी आईचं ताट भिंतीशी ठेवलं. मी ओरडले, आई बाराव्या खोलीत आहे! त्या म्हणाल्या, चिठ्ठीप्रमाणेच —
भिंतीच्या आत खोकला. आईचाच.
बाराव्या खोलीत खिडकीशी कुणीतरी पाठमोरं बसलंय. आईची शाल. मला घरच्या नावाने हाक मारतंय. म्हणतंय, आता यादी बरोबर आहे, हात लावू नकोस —
ताट भिंतीशी तसंच आहे. आतून आईचा हात पोचत ना—