एकतीस लाल खुणा

भिवंडी, ७ जानेवारी १९९१

ती. स्व. दत्तोपंत काकांस,
विद्युल्लताचा सा. न. वि. वि.

कोईमतूरच्या यंत्रमाग-कारखान्यासाठी लिहिलेला माझा इंग्रजी अर्ज तुमच्याकडून परत मिळाला. एका पानावर एकतीस लाल खुणा आहेत. मी मोजल्या. इतका रंग आमच्या डाइंगवाल्यालाही एका पानात बसवता आला नसता. आपल्या घरचा इंग्रजी कागद तुमच्या सहीशिवाय पोस्टात पडत नाही, म्हणून सुधारून पुन्हा पाठवते आहे. सहा महिने लूम बसवण्याचं शिक्षण आणि मग नोकरी. मुलींनाही घेतात, असं जाहिरातीत पहिल्यांदाच वाचलं. शेवटची तारीख पंचवीस.

मी ज्यांच्या लूमची देखभाल बघते त्या केसरीनाथ शेठचं इंग्रजी मात्र कोणी तपासत नाही. परवा त्यांनी लूमच्या मोटरी पुरवणाऱ्या मद्रासी मॅनेजरला फोनवर ऐकवलं, "मोटर कमिंग, आय पेइंग. मोटर नॉट कमिंग, आय कमिंग." दुपारी मोटर मानकोली नाक्यावर हजर. मी शेठना त्यातल्या चुका सांगितल्या. ते म्हणाले, "पोरी, त्याला कललं ना? मंग काय ऱ्हायलं?" याचं उत्तर तुम्हाला सुचल्यास कळवावे.

लोभ असावा, शाई जरा कमी असावी.

आपली,
विद्युल्लता


अकलोली, १४ जानेवारी

चि. विद्युल्लता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या शेठजींना मोटर मिळाली, कारण पैसे त्यांचे होते. नोकरी मागणाऱ्याकडे भाषेवाचून काय असतं? समोरचा आधी सदऱ्याची इस्त्री बघतो, आतला माणूस नंतर. तेहेतीस वर्षं मी हेच शिकवलं.

अर्ज पुन्हा पाहिला. अजून बावीस ठिकाणी अडखळायला होतं. घाई नको. जाहिराती काय, येतच राहतात. तुझी अनसूया काकू तिळगूळ पाठवते आहे. त्यात चूक काढलीस तर तिच्याशी गाठ आहे.

तुझ्या बाबांना, माधवला, आशीर्वाद. तुझ्यावरची माया होती तशीच आहे.

तुझा,
दत्तोपंत काका


भिवंडी, १९ जानेवारी

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

तिळगूळ निर्दोष होता. अर्जाबद्दल तसं म्हणवत नाही. बावीसपैकी नऊ खुणा तुम्ही स्वतःच आधी केलेल्या दुरुस्त्यांवर आहेत. एकाच तारेवर मीटरने दोनदा वेगळं रीडिंग दाखवलं, तर आम्ही तारेला दोष देत नाही.

लूमवर आडवा धागा तुटला की लूम आपोआप थांबतो. कापडावर तेलाचा डाग पडला तर थांबत नाही. तुमच्या पहिल्या एकतीस खुणा मी अशा वाटून घेतल्या. चार चुकांनी अर्थच बिघडत होता. एका ठिकाणी तर मी लूम दुरुस्त करत नव्हते, लूम मला दुरुस्त करत होता. मूळ अर्जात तेवढ्या चार सुधारल्या, त्याबद्दल मनापासून आभार. सत्तावीस डाग राहू दिले. अर्ज काल रजिस्टरने रवाना झाला, तुमच्या सहीशिवाय. बाबांना सांगितलेलं नाही.

नऊ खुणांचं कारण मात्र कळावे. लोभ राहिला असेल तर कळवण्यास तो पुरेसा आहे.

विद्युल्लता


अकलोली, २४ जानेवारी

चि. विद्युल्लता हिस,
आशीर्वाद.

माधव नाताळच्या सुट्टीत इथे आला होता. म्हणाला, "दादा, मला तिला तोंडावर नको म्हणवत नाही. तुमची सही असल्याशिवाय ती कागद हलवणार नाही. तेवढी तारीख जाऊ द्या." मी हो म्हटलं. मलाही तू इतकी लांब जायला नको होतीस.

दुसऱ्या खेपेला अर्ज चांगला होता. चुका शोधायला मला अख्खी दुपार बसावं लागलं. चुकीला चूक म्हणणं हा माझा धंदा होता. बरोबर असलेल्याला चूक म्हटलं, हे पहिल्यांदाच. माधवशी मी बोलू का?

माया कमी करू नकोस, एवढंच मागतो.

दत्तोपंत


भिवंडी, २० फेब्रुवारी

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

बोलू नये. मी बोलले.

मुलाखत मुंबईच्या ऑफिसात झाली. साहेब तमिळ, मी मराठी. मधे जे इंग्रजी उरलं ते दोघांचंही सारखंच फाटकं होतं, त्यामुळे कोणी लाजलं नाही. लूम का थांबतो, हे त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांना कळलं. माझ्या अर्जातल्या डागांकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. चार चुका राहिल्या असत्या तर गेलं असतं, हे तुमच्या बाजूने नमूद करते. एक मार्चला हजर व्हायचं आहे.

निवडीचं पत्र बाबांपुढे ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि यात काही चूक दिसते, दादांना दाखवून घेऊ, असं म्हणाले. मी विचारलं, "बाबा, जाऊ का?" त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "नको."

निदान खरं बोलले. मी म्हटलं, "जाते."

आमच्या घरात इतकं स्वच्छ बोलणं बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं. दोन दिवस ते जेवणापुरतेच बोलले. आज सकाळी मात्र माझ्या ट्रंकेची कडी हलते म्हणून पाना मागून घेतला. उलटा फिरवत होते. मी चूक न काढता ट्रंक धरून ठेवली.

आपल्या लोभाची अजूनही गरज असलेली,
विद्युल्लता