तीन बिल्डिंगा, तीन रंग

५ जाने., रविवार
सोसायटीच्या चेअरमनपदाला उभा राहतोय. समोर फक्त दादासाहेब. मुद्दा एकच, रंगकाम. चाकणच्या कंपनीत पेंट शॉपला सोळा वर्षं काढलीत. मोशीत रंगातलं माझ्याइतकं कोणाला कळतं?

६ जाने., कंपनीच्या बसमध्ये
बिल्डिंगा तीन, एका ओळीत. रंग तीन: पिवळा, निळा, गुलाबी. नियम एकच (माझाच): शेजारी-शेजारी सारखा रंग नको. 'ए'ला तीन रंग, मग 'बी'ला दोन, 'सी'लाही दोन. ३×२×२ = १२. पत्रक छापायला टाकलं: 'बारा पर्याय, निवड तुमची!' दादासाहेब म्हणे, रंग पावसात टिकला म्हणजे झालं. व्हिजनच नाही.

९ जाने.
'ए'च्या छबूबाई म्हणाल्या, आमची पिवळीच पायजे, वास्तुवाल्यानं सांगितलंय. हो म्हटलं. चौदा मतं आहेत तिथे. बाराचे चार उरले. चार म्हणजे भरपूर.

१३ जाने.
'बी'चे बुद्धरत्न म्हणतात, गुलाबी नको राव, बारसं आहे का? हो म्हटलं. म्हणजे 'बी' निळीच. उरले दोन. निर्णय सोपा होत चाललाय.

१५ जाने.
पत्रकांवरचं 'बारा' खोडून 'निवडक' केलं. पेनाने, ४१ वेळा. मनगट दुखतंय.

१६ जाने.
आमची 'सी'. बायकोला, वासंतीला, निळी हवी. समजावलं, 'बी' निळी, त्यामुळे आपल्याला पिवळी किंवा गुलाबी. म्हणाली, जगाला हो म्हणता आणि नियम मलाच? सांगितलं, गणित नातं बघत नाही. मेथी निवडायला लागली. म्हणजे पटलं. घरचं मत कुठे जातंय!

१९ जाने., रविवार, सकाळी
मतदान. फ्लॅटमागे एक मत. फ्लॅट वासंतीच्या नावावर (स्टॅम्प ड्युटी वाचवायची आयडिया माझीच), म्हणून आत ती गेली. बाहेर तिची पर्स धरून मी उभा. जिंकल्यासारखंच आहे.

संध्याकाळी
२१-२०. हरलो. फार लागलं मनाला. वासंतीला विचारलं, एका मताने गेलं, फितूर कोण असेल?
ती म्हणाली, मी. दादासाहेबांनी 'सी' निळी करायचं कबूल केलंय.
हे गणितात बसत नाही, असं तिला दहा मिनिटं समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि चहा दिला. साखर नव्हती. मागितली नाही.