पॉलिशवरचा राखाडी थर

बाबा, तुमच्या बोटीला गिऱ्हाईक आलं होतं. धरणाजवळच्या एका हॉटेलवाल्याला ती कापून काउंटर करायचा होता. आईने होकारही दिला. इंदिरानगरच्या या अंगणात बोटीमुळे गाडी लावायला जागा नाही, हे तिचं म्हणणं चूक नाही. मी फक्त एक दिवस मागून घेतला. तुम्ही गेलात तेव्हा मी आठवीत होते आणि एक गोष्ट तपासायची राहिली होती.

दसरा आठवतो. तुम्ही स्कूटरला झेंडूचा हार घालता, मग तसाच बोटीला. काका फाटकातून ओरडतात, "काय दादा, यंदा तरी पाण्यात उतरणार का आरमार?" तुम्ही शांतपणे सांगता की ही मुंबईच्या एका शेटची हौसेची मोटारबोट, महायुद्धात नौदलाने ताब्यात घेतली, बंदराच्या पहाऱ्याला लावली. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणते, "अहो, हे तुम्हाला बोट विकणाऱ्या भंगारवाल्यानेच सांगितलं ना? मग झालं तर!" सगळे हसतात. मी स्क्रूड्रायव्हरने रंग खरवडायला जाते, तेव्हा मात्र तुम्ही माझा हात धरता. "आधी शीक. मग खरवड."

शिकले. रंगाचे थर तपासणं हेच आता कारखान्यात माझं काम आहे. काल बोटीच्या कडेला एकेक थर घासत खाली गेले. पांढरा, निळा, पुन्हा पांढरा, मग राखाडी, नौदलाच्या जहाजांचा रंग. पण राखाडी म्हणजे रंगाआधी देतात ते नुसतं अस्तरही असू शकतं, म्हणून थांबले नाही. त्याखाली चकचकीत पॉलिश निघालं. अस्तर लाकडावर देतात, पॉलिशवर नाही. कुणीतरी शेटचं पॉलिश न घासताच वर राखाडी फासला होता. हौसेच्या बोटीला एवढी घाई कुणी करत नाही. नौदल यातून सिद्ध होत नाही, पण तुमची गोष्ट खोटीही ठरत नाही.

मग सीटखाली हात घातला. तिथे अंगठ्याएवढा चौकोन आधीच खरवडलेला होता, थराथराने, पॉलिशपर्यंत; कडा जुन्या. म्हणजे तुम्ही पाहिलं होतंत. मग काकांना का दाखवलं नाहीत? एवढी वर्षं सगळ्यांना हसू का दिलंत? माझ्यासाठी राखून ठेवलंत, असं म्हणायचा मोह होतो. त्याला पुरावा नाही.

सकाळी हॉटेलवाल्याचा टेम्पो रिकामा परत पाठवला. आईला सांगितलं, लाकूड आतून कुजलंय, कापताना भुगा होईल. तिने फळीवर टिचकी मारली. "असं का? मग राहू दे. दसऱ्याला हार मात्र तूच घालायचा."

सागवान ठणठणीत आहे, बाबा. टिचकीचा आवाज तिनेही ऐकला असावा.