अर्ध्या डोक्याची वाटणी

प्रिय अक्का,

आज उजाडताच डोकं सुरू झालं आणि सवयीनं हात फोनकडे गेला. मैंदर्गीला तुझ्या घरी फोन लावता लावता आठवलं, तू जाऊन महिना होत आला. म्हणून लिहायला बसले. दुसऱ्या कुणाला सांगू गं?

अर्धशिशी आपल्या दोघींच्या नशिबी. माझी डावी, तुझी उजवी. लहानपणी एकाच सकाळी दोघी कपाळ धरून बसलो होतो, तेव्हा आई काय म्हणाली, आठवतं? "दोघींचं मिळून एकच डोकं दुकतंय की! मग सुंटीचा लेप बी एकच पुरंल." तसल्या दुखण्यातही आपण हसलो होतो.

पुढे तू शाळेत शिकवायला लागलीस आणि जुन्या वैद्यकातलं वाचून मला घाबरवू लागलीस. उन्हाबरोबर चढतो नि उतरतो तो सूर्यावर्त, अर्धंच डोकं फोडतो तो अर्धावभेदक. केवढी भारी नावं! दुखणं जरा मोठ्या घरचं वाटायचं. तू म्हणायचीस, "जुन्या नाटकात राणीचं डोकं दुकलं की सख्या चंदन उगाळत्यात. आपल्याला हाय सुंट!"

आणि अर्धशिशीवरची ती जिलबी! दिवस उगवायच्या आत, दुधात बुडवून. पण दुखणारीनं आपल्या हातानं खायची नाही, दुसरीनं भरवायची. भरवता भरवता एक वेढा तू आपल्याच तोंडात टाकायचीस. लबाड!

आता कोण भरवणार? माझा लेक गुणी आहे. चिंचोळीला कामावर जायच्या गडबडीतही गोळी देतो, पाणी देतो, दार ओढून घेतो. पण "कुठली बाजू?" असं विचारत नाही. तू पहिलं तेच विचारायचीस. मोठी म्हणून पुढं निघून गेलीस, पण मागं मी फार एकटी पडले, अक्का.

एक सांगू? आज डावी दुखत नाही. जन्मात पहिल्यांदा उजवी दुखतेय. डॉक्टर म्हणतील, वयानं होतं. म्हणू देत. मी ओळखलं, ही तुझी.

उद्या दिवस उगवायच्या आत लेकाला उठवीन, जिलबी भरव म्हणेन. कुठली बाजू, कुणाची बाजू, सगळं सांगीन त्याला. आणि एक वेढा त्यानं खाल्ला, तर रागावणार नाही.

तुझी,
डावीकडची धाकटी