पावसात निसटलेला लगाम

मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा घोडेस्वारांचे हातमोजे शिवणे, पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझे डोके पूर्वीपेक्षा जास्तच चालते, असे मुलीचे म्हणणे आहे, आणि ते ती कौतुकाने म्हणत नाही.

कलम १. खालचे दुकान आणि वरच्या दोन खोल्या मुलीला. ती गणित शिकवते. सुई धरणे तिला जमले नाही, त्याबद्दल माझी तक्रार नाही. दुकान तिने हवे त्याला भाड्याने द्यावे. फक्त ‘एकच माप, सर्वांना बसेल’ असे मोजे विकणाऱ्याला देऊ नये. सर्वांना बसतो तो मोजा कोणालाच धड बसत नाही.

कलम २. बँकेतली शिल्लक आणि कानातले मुलीलाच. जावयाला रेडिओ. त्याने तो दोनदा दुरुस्त केला आणि दोनदा बिघडवला. आता निदान स्वतःचा म्हणून उघडेल.

कलम ३. माझा थोरला भाऊ, वय ब्याऐंशी. दुकानाच्या दारातली खुर्ची तो जिवंत असेपर्यंत त्याची. तिथून त्याला कोणी उठवू नये. त्याच्याविषयी एक गोष्ट मात्र लिहिलीच पाहिजे.

मला कात्री धरायला दादानेच शिकवले. चामडे तो आणायचा, कापणे-शिवणे माझे. अठ्ठावीस वर्षांपूर्वी घोडेस्वारीच्या शाळेने सोळा जोड सांगितले. दादाने आणलेला गठ्ठा मी कापायला घेतला आणि माझ्या बोटांना कळले. चामडे ताणले की जागेवर परत येत नव्हते.

“दादा, हे बोकडाचं नाही. मेंढीचं आहे, वरून रंगवलेलं.”

“दिसायला फरक आहे का? सांग बघू.”

“दिसायला नाही. ओलं झाल्यावर कळेल.”

“मग ऊन असेल तेव्हा घाला म्हणावं,” असे म्हणून तो हसला. मी तोंडाला कुलूप घातले आणि सोळा जोड शिवले.

तिसऱ्या आठवड्यात शाळेच्या मैदानावर भर सरावात पाऊस आला. तिथली तरुण शिक्षिका घोड्यावर होती. घोडा बुजला. तिने लगाम आवळला, तो ओल्या मोज्यातून साबणाच्या वडीसारखा निसटला, आणि ती कुंपणावर आदळली. उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका तेव्हापासून वळत नाहीत. लगाम याच दोन बोटांमधून जातो.

“घोडा बुजला, त्यात मोज्यांचा काय दोष?” दादा म्हणाला. सगळ्यांनी मान डोलावली. मीही.

त्यानंतर चामडे आणायला मी स्वतः जाऊ लागले. का, ते दादाने विचारले नाही आणि मी सांगितले नाही. इतकी वर्षे मनात त्याच्यावर राग धरला, तो इथे सोडते. चामडे त्याने आणले हे खरे, पण मोजे माझ्या हातचे होते.

कलम ४. सर्व साचे, कात्र्या, आरी आणि मशीन त्या शिक्षिकेला. अपघातानंतर चार महिन्यांनी ती दुकानात आली होती.

“या हाताला बसेल असा मोजा कुठे मिळत नाही, मावशी. तुम्ही शिवाल?”

तासभर मी तिच्या बोटांचे माप घेत बसले, पण खरे बोलले नाही. तेव्हापासून दर हिवाळ्यात तिला एक जोड शिवून दिला. ती माझी कारागिरी वाखाणते, आणि मी खाली बघते. वस्तूंबरोबर वरची हकीकतही तिला वाचून दाखवावी.

*

पुरवणी. इथवर लिहिलेले वकिलीणबाईंनी वाचले.

“मावशी, ती हे ऐकेल तेव्हा तिने रागवावं म्हटलं तर समोर तुम्ही नसाल.”

“म्हणून तर लिहिलंय.”

त्यांनी पेन खाली ठेवले. दुसऱ्या दिवशी मी तबेल्यात गेले. शिक्षिका घोड्याचा खूर साफ करत होती. मी सगळे सांगितले.

“तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?”

“कापतानाच.”

“आणि माझं माप घेताना?”

“तेव्हाही.”

“जा तुम्ही,” ती म्हणाली आणि पुन्हा खुराकडे वळली.

अकरा दिवस काही कळले नाही. बाराव्या दिवशी ती दुकानात येऊन उभी राहिली. बसली नाही.

“मी अजून रागावलेली आहे.”

“असणारच.”

“हे साचे मला तुमच्या माघारी नकोत. आत्ता द्या. आणि बुधवारी शाळेत या. बावीस जण शिकतात, एकाच्याही हातात धड मोजा नाही. प्रत्येकाचा हात बघा. कसा बघायचा ते मला शिकवा.”

चार बुधवार झाले. बोटांच्या टोकाशी मोकळी जागा राहिली तर लगाम अडकतो, तळवा जाड झाला तर लगामातून घोड्याच्या तोंडाची ओढ हाताला कळत नाही, हे ती शिकली. मोजा पाण्यात बुडवून त्यातून लगामाचा तुकडा ओढून पाहिल्याशिवाय ती आता कोणाला देत नाही. परवा आम्ही दोघी कारखान्यात चामडे घ्यायला गेलो. तिथल्या म्हाताऱ्याने आधी दाखवलेला गठ्ठा तिने स्वतःच ताणून पाहून बाजूला सारला. परत येताना ती माझ्याशी फारसे बोलली नाही, पण रिक्षातून उतरताना तिने हात दिला.

सबब कलम ४ रद्द. त्यातले सर्व मी माझ्या हाताने देऊन टाकले आहे. वकिलीणबाई म्हणाल्या, सगळे नव्याने स्वच्छ लिहू. मी नको म्हटले. झाले ते दिसू दे.

मृत्युपत्राने ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असा नियम त्यांनी सांगितला. शिक्षिकेला आता यातून काही मिळायचे नाही, म्हणून दुसरी साक्षीदार तीच आहे. ती उजव्या हातानेच सही करते. दोन बोटे कागदावर टेकत नाहीत, त्यामुळे वेळ लागतो. आम्ही थांबलो आहोत.

स्थळ: दुकानातले कापायचे टेबल
तारीख: १० ऑक्टोबर २०२४, गुरुवार

लिहून ठेवणार: (सही) हातमोजे शिवणारी
साक्षीदार १: (सही) समोरचे औषधवाले
साक्षीदार २: (सही) घोडेस्वारीच्या शिक्षिका